छत दुरुस्त करावे की बदलावे? पुण्यातील घरांसाठी पाहणीची रीत

पुण्यात छत गळू लागले की पहिला फोन गवंड्याला किंवा रंगाऱ्याला जातो, आणि तो बहुधा जुलैत जातो. त्या वेळी मिळणारे उत्तरही ठरलेले असते: आत्ता वरून केमिकल मारून देतो, पाऊस उघडला की बघू. पाऊस उघडतो, डाग वाळतो, दिवाळीच्या आधी त्यावर रंग चढतो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो. असे काही पावसाळे गेले की दुरुस्तीने सहज वाचले असते ते छत खरोखरच बदलण्याच्या अवस्थेला येते. उलट, एखाद्या घरात नुसता पाइप तुंबलेला असताना घाबरून सगळा कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) फोडला जातो. दोन्हीकडे चूक एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे निर्णय गळतीकडे पाहून घेतला जातो. प्रत्येक छतात पाणी अडवणारा एक थर असतो आणि भार पेलणारा एक सांगाडा असतो. थर निकामी झाला असेल तर थर बदलावा, सांगाडा निकामी झाला असेल तर छत बदलावे. पाहणीचा सगळा खटाटोप या दोहोंपैकी नेमके काय बिघडले आहे हे ठरवण्यासाठी करायचा असतो.

शिवाजीनगरच्या वेधशाळेतील पावसाची वार्षिक सरासरी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर आहे. लोणावळ्यात ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो आणि म्हणूनच पुणेकर छताच्या बाबतीत गाफील राहतो. पण येथील छताला तीन वेगवेगळे मार सोसावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात गच्ची दिवसभर तापते व रात्री निवते, आणि या प्रसरण-आकुंचनाने कोब्याला बारीक चिरा पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस नसला तरी रिपरिप थांबत नाही, त्यामुळे त्या चिरांतून मुरलेले पाणी वाळायला उसंत मिळत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मात्र तास-दोन तासांत इतके पाणी कोसळते की ते वाहून नेण्याची सोय अपुरी पडते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी जमते, आणि पुष्कळ जुन्या बंगल्यांत ते बाहेर काढायला एक-दोनच पाइप असतात. बावधन, वारजे या पश्चिमेकडच्या भागांत हडपसरपेक्षा पाऊस अधिक पडतो आणि ताम्हिणी किंवा पानशेतच्या बाजूला फार्महाऊस असेल तर हिशेब पूर्णपणे वेगळा होतो. त्यामुळे नातेवाइकांच्या छताला किती वर्षे झाली, यावरून आपल्या छताचे आयुष्य ठरवू नये.

पावसाळ्यात नोंद ठेवावी

छत काय सांगते ते पावसाळ्यातच कळते, म्हणून त्या चार महिन्यांत दुरुस्तीपेक्षा निरीक्षणावर भर द्यावा. आतल्या छताला ओलीचा डाग दिसला की पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. पुढच्या मोठ्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला तर दुसरी रेघ ओढावी. घरातल्या माणसांना हे विद्रूप वाटेल, पण सप्टेंबरअखेर या रेघांवरून ओल कोणत्या दिशेने आणि किती वेगाने पसरली हे जितके स्पष्ट कळते तितके आठवणीवरून कधीच सांगता येत नाही.

त्याबरोबर पाऊस सुरू झाल्यापासून किती वेळाने थेंब पडू लागतो हेही पाहावे. मोठी सर आल्यावर काही मिनिटांतच पाणी टपकत असेल, तर वाट सरळ आणि मोकळी आहे. बहुतेक वेळा पाइपच्या तोंडाभोवतीचा सांधा, कठड्याच्या बुडाशी असलेला वाटा (कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलाई) किंवा सोलर हीटरचा स्टँड बसवताना पाडलेले भोक त्याला कारण असते. पुण्यातील गच्च्यांवर सोलर हीटर आणि डिश अँटेना इतक्या आहेत की हे शेवटचे कारण मी सर्वांत आधी तपासायला सांगेन. याउलट, पाऊस सुरू झाल्यावर दिवसभराने ओल उमटत असेल आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस पाझर चालूच राहत असेल, तर पाणी कोब्यात मुरून साठले आहे आणि तो थर आतून भिजलेला आहे. पावसाने आठवडाभर उघडीप दिली असतानाही ओल तशीच राहत असेल, तर छताचा पिच्छा सोडून गच्चीवरची टाकी व तिच्या पाइपांचे सांधे तपासावेत.

कोपऱ्यात धरलेली काळी बुरशी म्हणजे गळतीच, असेही समजू नये. बंद खोलीतील दमट हवा थंड छताला लागून तेथे दव धरते, आणि पत्र्याखाली तर हिवाळ्यातल्या पहाटेही थेंब दिसतात. शंका असल्यास डागावर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. ओलावा कागदाच्या वरच्या, म्हणजे छताकडील बाजूला धरला तर पाणी छतातून येत आहे, खोलीकडील बाजूला धरला तर खोलीत वारा खेळता ठेवणे एवढाच उपाय करावा लागतो.

स्लॅबची गच्ची

शहरातील बहुसंख्य घरांना काँक्रीटचा स्लॅब असतो आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, क्वचित चायना मोझॅकच्या फरश्यांचे तुकडे. कोबा हा थर आहे, स्लॅब हा सांगाडा आहे. कोब्याचा ढाळ दर मीटरला किमान एक सेंटिमीटर असावा, अशी जुनी रीत आहे. पाऊस थांबून चार-पाच तास झाल्यावर गच्चीवर जावे आणि डबकी कोठे राहिली आहेत ते खडूने आखून ठेवावे. शेवाळाची हिरवी-काळी वर्तुळेही तीच गोष्ट सांगतात. त्यानंतर लाकडी मोगरीने किंवा बत्त्याने सगळ्या गच्चीवर हलके ठोकत फिरावे. पक्क्या जागी टणक आवाज येतो, कोबा सुटलेला असेल तेथे पोकळ, भद्द आवाज येतो. असे पोकळ भाग इकडेतिकडे चार-दोन असतील तर तेवढेच फोडून भरता येतात. अर्ध्याहून अधिक गच्ची पोकळ वाजू लागली असेल, तर तुकड्यातुकड्यांनी केलेला खर्च वाया जातो आणि पूर्ण कोबा काढून नव्याने करणे शेवटी स्वस्त पडते.

येथे एका गोष्टीबाबत कंत्राटदाराशी स्पष्ट बोलावे. जुना कोबा फोडण्याचा त्रास आणि राडारोडा टाळण्यासाठी त्याच्यावरच दुसरा कोबा घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते, तर ये-जा असणाऱ्या गच्चीवर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून स्लॅबचे आरेखन केलेले असते. म्हणजे दुसरा कोबा घातला, की गच्चीवर एकही माणूस नसताना त्या सगळ्या भारापेक्षा अधिक ओझे स्लॅबवर कायमचे बसते. ज्या स्लॅबच्या सळया आधीच ओलीने गंजू लागल्या आहेत त्याला हे देणे मला धोकादायक वाटते. जुना कोबा काढतानासुद्धा मोठे ब्रेकर मशिन लावू देऊ नये, छिन्नी-हातोडीने किंवा हलक्या मशिनने काढावा, नाहीतर धक्क्यांनी स्लॅबलाच चिरा जातात.

आता सांगाड्याकडे वळू. चांगल्या काँक्रीटमधील अल्कली गुणामुळे लोखंडी सळई गंजण्यापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की हा गुण पृष्ठभागापासून आत-आत नाहीसा होत जातो, आणि स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटर असते. जुन्या बांधकामांत, विशेषतः जेथे सळईखाली ठोकळे न ठेवताच काँक्रीट ओतले गेले, तेथे ते त्याहूनही कमी आढळते. त्यात ओल मिळाली की सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहा पटींपर्यंत वाढते आणि तो दाब खालच्या काँक्रीटला ढकलून पाडतो. म्हणून आतल्या बाजूने पाहताना पांढरा लोणा, तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली सरळ चीर आणि शेवटी पोपडे पडून उघडी झालेली सळई, असा या रोगाचा क्रम दिसतो. नुसता लोणा असेल तर वरचा थर सुधारणे पुरते. तपकिरी डाग दिसू लागले की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. सळया उघड्या पडल्या असतील तर रंगाऱ्याला त्या खोलीत पाऊलही ठेवू देऊ नये, कारण पुट्टी आणि रंगाखाली पुरावाच झाकला जातो आणि गंज मात्र चालूच राहतो.

इंजिनिअर येण्याआधी दोन गोष्टी घरच्या घरी पाहता येतात. खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, दोन्ही टोकांना छताच्या खाली सारखेच अंतर ठेवून दोरी ताणावी आणि मधोमध ते अंतर किती कमी झाले आहे ते मोजावे. भारतीय मानकानुसार लांबीच्या २५०व्या भागापर्यंत वाक चालतो, म्हणजे तीन मीटरच्या खोलीत १२ मिलिमीटर. गिलावा उंचसखल असल्याने हे मोजमाप ढोबळच असते, पण वाक याच्या दुप्पट निघाला किंवा वर्षभराने पुन्हा मोजल्यावर वाढलेला दिसला, तर त्या खोलीतला वावर कमी करावा आणि सल्ला घेण्यात दिरंगाई करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे उघड्या सळईवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून उरलेली जाडी मोजणे. दहा मिलिमीटरच्या सळईची जाडी नऊवर आली तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी घटलेले असते, हे पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही.

इंजिनिअरकडून नुसते तोंडी मत घेऊ नये. रिबाउंड हॅमरची चाचणी (काँक्रीटचा टणकपणा पाहणारी), हाफ सेल चाचणी (सळई गंजण्याची शक्यता दाखवणारी) आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा, इतके तरी करून लेखी अहवाल मागावा. शेवटची चाचणी तर समोर उभे राहून पाहण्यासारखी असते: अल्कली शाबूत असलेला भाग फवाऱ्यासरशी गुलाबी होतो आणि निकामी झालेला भाग काँक्रीटच्याच रंगाचा राहतो. ही बिनरंगाची पट्टी सळईपर्यंत पोहोचली नसेल, तर वरचा थर नीट करून स्लॅब आणखी बरीच वर्षे वापरता येईल. ती सळईच्या पलीकडे गेली असेल, बहुतेक सळयांचा छेद एक चतुर्थांशाच्या आसपास घटला असेल आणि स्लॅब वाकलाही असेल, तर पॉलिमर मॉर्टरची मलमपट्टी करण्यापेक्षा स्लॅब तोडून नव्याने टाकण्याचा विचार करावा.

गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याचा उपाय हल्ली फार लोकप्रिय आहे. ती पाणी अडवते हे खरे, पण आधीच गंजलेली सळई शेडखाली बरी होत नाही. शेडसाठी महापालिकेची परवानगीही लागते, ती घेतल्याचे कागद ठेकेदाराच्या शब्दावर न राहता स्वतः पाहावेत.

कौलारू छत

पेठांमधील वाडे आणि जुने बंगले यांवरील मंगलोरी कौले नीट राखली तर पिढ्यान् पिढ्या टिकतात, आणि कौले गळतात म्हणून छत बदलावे लागते असे क्वचितच घडते. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करून फुटकी कौले बदलणे, कोनकौलांचा चुना-सिमेंट पुन्हा भरणे आणि पन्हळीतला पालापाचोळा काढणे एवढे नियमित होत असेल तर निम्मे काम झाले. कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत वाजले तर ते चांगले आहे, बद्द वाजले तर त्याला केसासारखी चीर असते किंवा ते आतून सच्छिद्र झालेले असते. नवी कौले आणताना जुने एक कौल बरोबर न्यावे, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा असतो आणि खाच न जुळलेले कौल वाऱ्याच्या पावसात हमखास पाणी आत घेते.

खरी पाहणी कौलांखाली करायची असते. रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) बदलणे ही नेहमीची बाब आहे, तिचा बाऊ करू नये. वासे, तुळया आणि आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) यांकडे मात्र बारकाईने पाहावे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आढ्याची रेषा सरळ आहे की मध्ये खचली आहे ते न्याहाळावे. मग शिडीवर चढून प्रत्येक वाशाचे भिंतीत शिरलेले टोक पेचकसाने टोचून पाहावे, कारण वळचणीशी पाणी झिरपून लाकूड सर्वांत आधी तेथेच कुजते. जुन्या सागवानात पेचकस दोन-तीन मिलिमीटरही जात नाही, कुजलेल्या लाकडात तो लोण्यात सुरी शिरावी तसा जातो. मातीच्या बारीक नळ्या वाळवीच्या खुणा होत आणि खाली पडलेले पिवळट पीठ भुंग्याची. दोन-चार वासे खराब असतील तर तेवढेच बदलावेत किंवा टोकांना जोड द्यावा. एक तृतीयांशाहून अधिक वासे टोचणीत नापास झाले, किंवा आढेच खचले असेल, तर सगळे छप्पर उतरवणे योग्य, असे माझे मत आहे.

उतरवल्यावर त्या जागी काय घालायचे याबाबत मोहात पडू नये. कौले आणि रिपा मिळून दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भार होतो, तर १२५ मिलिमीटरच्या स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन तेवढ्याच जागेत ३०० किलोंच्या वर जाते. वाड्याच्या विटा-मातीच्या भिंतींवर हा स्लॅब टाकणे म्हणजे कोसळण्याला आमंत्रण देणे होय. तेथे पुन्हा कौले, किंवा लोखंडी सांगाड्यावर रंगीत प्रोफाइल पत्रे, एवढेच पर्याय इंजिनिअरच्या सल्ल्याने तपासावेत.

पत्रे

लोखंडी पत्र्यांचे निदान सोपे आहे. पांढरट भुकटी दिसणे म्हणजे जस्ताचा थर झिजू लागला आहे. लाल गंज स्क्रूभोवती व जोडांवर मर्यादित असेल तर वॉशर बदलून भागते. अंधाऱ्या खोलीत उभे राहिल्यावर छतात टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागले, की तो पत्रा संपला. डांबर फासून एखादा पावसाळा निघेल, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. नवे पत्रे बसवताना पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करून पश्चिमेकडे येण्यास सांगावे, म्हणजे जोडांची उघडी कड नैऋत्य-पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्याच्या तोंडावर न येता त्याच्या आडोशाला राहते. कारागीर शिडी लावायला सोयीची बाजू धरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक आहे. असे पत्रे शाबूत असतील तर त्यांना उगाच हात लावू नये. पृष्ठभाग खडबडीत होऊन तंतू दिसू लागले, किंवा कडा ठिसूळ होऊन तुटू लागल्या, की ते काढावेत. काढताना पत्रे पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवावेत. त्यांवर थेट पाय देऊ नये, वाशावर किंवा पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारावर) टेकलेली फळी टाकूनच वावरावे, कारण जुना सिमेंटचा पत्रा कसलीही पूर्वसूचना न देता पायाखाली मोडतो.

कोणाची जबाबदारी, आणि कधी

सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सदस्याला 'तुमची गळती तुम्ही बघा' असे ऐकवले जाते, ते चुकीचे आहे. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती, तसेच त्यामुळे वरच्या फ्लॅटच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान, यांचा खर्च सोसायटीने करायचा असतो. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्यास सांगितले आहे. भाड्याच्या वाड्यात दुरुस्तीचे कर्तव्य १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकले आहे. वस्तुस्थितीत मालक, भाडेकरू आणि पुनर्विकासाची बोलणी या तिढ्यात छत तसेच राहते. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तशी नोटीस आली असेल तर दुरुस्ती की बदल हा प्रश्न बाजूला ठेवून आधी राहण्याची दुसरी सोय पाहावी.

वेळेचे गणित असे बसवावे. ऑक्टोबरात पावसाळ्यातील नोंदी घेऊन इंजिनिअरला बोलवावे, नोव्हेंबर-डिसेंबरात अहवाल व किमान तीन दरपत्रके हाती असावीत आणि जानेवारी ते मार्च या काळात काम उरकावे. एप्रिल-मे महिन्यांवर अवलंबून राहू नये. तेव्हा सगळ्या शहराला गवंडी हवे असतात, कडक उन्हात ओले सिमेंटकाम झपाट्याने वाळून तडकते आणि वळीव कोणत्या संध्याकाळी येईल याचा भरवसा नसतो.

काम संपल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर पाच सेंटिमीटर पाणी ४८ ते ७२ तास साठवावे आणि खालून तपासावे. एवढ्या पाण्याचा भार दर चौरस मीटरला ५० किलो होतो, म्हणून वाकलेल्या किंवा सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर ही चाचणी दुरुस्तीपूर्वी कधीही करू नये. दहा वर्षांच्या हमीचा छापील कागद मिळाला तरी त्यात गळती झाल्यास किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने आणि फोडलेल्या फरशीसह दुरुस्ती होईल हे लिहून घ्यावे. करारातच दहा टक्के रक्कम राखून ठेवण्याचे कलम घालावे आणि ती पहिला पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर, ऑक्टोबरात, चुकती करावी.